दहातले नववे

आमच्या संस्थेत ताईंचं काम एकच होतं. फोन करून माणसांना विचारायचं, नोकरी लागली का?

संस्था प्रोग्रॅमिंग शिकवणारी. काही महिन्यांचा कोर्स, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग आणि शेवटी सर्टिफिकेट. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या चार खोल्या होत्या. ऊन वाढलं की रबराचा वास जिन्याने वर यायचा आणि थेट प्रवेशाच्या टेबलापाशी येऊन बसायचा. ते टेबल माझं. शेजारी, खिडकीकडे पाठ करून आणि कानाला हेडफोन लावून ताई बसायच्या. मी माणसं आत घ्यायची आणि ती बाहेर पडून सहा महिने झाले की ताईंनी त्यांना गाठायचं, अशी आमची वाटणी.

दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दहातल्या नऊजणांना नोकरी’. नवा माणूस आला की आधी ती पाटी वाचायचा, मग मला फी विचारायचा. हा नऊचा आकडा ताईंच्या फोनांतून तयार व्हायचा.

ताई पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याच घरातलं कुणी विचारपूस करतंय. तिथे ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ म्हणणारं यंत्र आलं आणि ताई घरी आल्या. मग आमच्याकडे लागल्या. आमच्या सरांनी त्यांना घेतलं ते त्या आवाजासाठीच. सर म्हणायचे, “ताई, तुम्हाला कुणी खोटं सांगणार नाही.”

ते खरंच होतं. मुलं ताईंना काहीही सांगायची. कुणी रडायचं, कुणी संस्थेच्या नावाने बोटं मोडायचं, कुणी आपलं लग्न मोडल्याचं सांगायचं. एक मुलगा पार्सलं पोचवायच्या कामाला लागला होता. ताईंनी ठरलेला प्रश्न विचारला, “सध्याचं काम कोर्सशी संबंधित आहे का?” तो हसून म्हणाला, “आहे की! ॲप उघडतो, पत्ता बघतो, गाडीला किक मारतो. कॉम्प्युटरचंच काम म्हणायचं!” तो बिचारा चेष्टा करत होता. सरांनी ती चेष्टा मनावर घेतली आणि त्याला ‘संबंधित क्षेत्रात नोकरी’ या रकान्यात बसवलं. जे फोनच उचलत नसत त्यांना मोजायचंच नाही असा नियम होता. आता, ज्याला नोकरी लागली तो पहिल्या रिंगला फोन उचलतो. जो उचलत नाही त्याचं काय झालं असेल, ते कळायला काय अक्कल लागते? पण नियम नियम होता. दहातले नऊ असे जमत.

ताई एकदा मला म्हणाल्या होत्या, “मी फक्त विचारते गं. बेरीज माझी नाही.”

ताईंचे यजमान, त्यांना मी भाऊजी म्हणायचे, एका दैनिकात मुद्रितशोधक होते. छापायला जाणारं पान आधी वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे काम त्यांनी उभा जन्म केलं. ते डोळ्यांत इतकं मुरलं होतं की औषधाच्या बाटलीवरची चुकलेली वेलांटीसुद्धा त्यांना खुपायची. दुकानाची चुकीची पाटी दिसली की आत जाऊन मालकाला सांगून यायचे. ताई लाजेने चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहायच्या. मूलबाळ नव्हतं. पण घरात बोलणं भरपूर. सकाळी चहाबरोबर भाऊजी पेपर मोठ्याने वाचायचे, बातमीतल्या चुकांसकट, आणि ताई स्वयंपाकघरातून हसायच्या.

मग ते दैनिक बंद पडलं. भाऊजी पन्नाशी ओलांडलेले. काही दिवस त्यांनी कपाटं आवरली, नळ दुरुस्त केले, आणि मग खिडकीशी बसायला लागले. ताईंना ते बघवेना. संस्थेत कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत होती. ताईच म्हणाल्या, “अहो, करून तर बघा. तुमचं काम चुका शोधायचंच होतं ना? इथेही तेच असतं म्हणे.”

भाऊजी माझ्या टेबलाशी आले आणि प्रवेशाच्या अर्जातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका मला दाखवून वर्गात गेले.

वर्गातली मुलं त्यांच्या निम्म्या वयाची. पहिल्या आठवड्यात ती त्यांना काका म्हणत, नंतर अर्धविरामकाका. त्याचं कारण असं, की प्रोग्रॅममध्ये ओळ संपली की अर्धविराम द्यावा लागतो, आणि मुलं नेमकी तो विसरायची. प्रोग्रॅम अडायचा, मुलं केस उपटायची. भाऊजी मागून जाता जाता स्क्रीनवर बोट ठेवायचे, “इथे.” झालं! प्रोग्रॅम चालू. मग सगळा वर्ग हाका मारायला लागला, “काका, जरा इकडे!” “काका, माझंही बघा!” पण स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला बसले की गाडी अडायची. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. रिकामी स्क्रीन बघून ते घामाघूम व्हायचे. तरी रेटत राहिले आणि कोर्स पुरा केला. सर्टिफिकेटवर त्यांचं नाव चुकलं होतं. ते बदलून घेतलं.

मग मुलाखती सुरू झाल्या. समोर बसणारा भाच्याच्या वयाचा. एकाने विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” भाऊजी म्हणाले, “घरी. तोवर निवृत्तीचं वय होईल.” हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं, आम्हीही हसलो. पुढच्या मुलाखतींबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

त्या सुमारास संस्थेची तपासणी आली. गरजू मुलांची फी एक मोठी संस्था भरायची, आणि शिकलेल्यांचं पुढे काय झालं, याचा हिशेब तिला हवा होता. त्या वेळी बरीच माणसं रिकामी होती. आकडा नवाला टेकेना. सरांनी ताईंना आत बोलावलं. दार उघडंच होतं, मलाही ऐकू आलं.

“ताई, तुमच्या मिस्टरांना आपल्याकडेच घेऊ या. मार्गदर्शक म्हणून. मुलांचा त्यांच्यावर जीव आहे.”

ताईंचा चेहरा उजळला. “सर, फार उपकार होतील.”

“तीन महिने. तपासणी आटोपेपर्यंत. मग बघू... म्हणजे, मग नाही जमणार, ते तुम्हाला आत्ताच सांगतो. पण तुमचंही काम होईल आणि आपलंही.”

ताई बाहेर आल्या, खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ हेडफोन हातातच धरून राहिल्या. घरी त्यांनी फक्त पहिला अर्धा भाग सांगितला.

ते तीन महिने भाऊजींना बघायला हवं होतं! रोज इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. सकाळी दोघं एकत्र येत आणि जिन्यात भाऊजी पुढे धावत. एकेका मुलाजवळ खुर्ची ओढून बसायचे. चूक दाखवायची घाई नाही. “आधी मोठ्याने वाच,” म्हणायचे, “मशीन वाचेल तसं वाच.” मुलं वाचायची आणि वाचता वाचता स्वतःच थांबायची. एक मुलगी कोर्स सोडून चालली होती. तिला त्यांनी असंच वाचायला लावून लावून टिकवलं. आमच्या शिक्षकांना जे जमत नव्हतं, ते त्यांना जमत होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सरांनी त्यांचा फोटो काढून घेतला. चौकात, सिग्नलच्या वर, मोठा फलक लागला. हाताची घडी घातलेले भाऊजी, आणि खाली ‘पन्नाशीनंतर नवी सुरुवात. दहातल्या नऊजणांत तुम्हीही या!’ भाजीवाला त्यांना साहेब म्हणायला लागला. भाऊजी वरवर चिडायचे, “काय हा गाढवपणा!” पण संध्याकाळी घरी जाताना चौकातूनच जायचे.

तपासणी कागदांवरच आटोपली. तीन महिने भरले. सरांनी भाऊजींना बोलावलं, हातात हात घेतला आणि सांगितलं, “सध्या संस्थेला गरज नाही.” भाऊजींनी ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, “भाऊजी, चहा घेऊन जा.” म्हणाले, “नको गं. तुझी कामाची वेळ आहे.”

त्यानंतर ते चूक शोधायला बसले. पानातली शोधत तशी, स्वतःची. ताई मला सांगायच्या आणि सांगताना त्यांचा आवाज फाटायचा. “कालही विचारत होते गं. त्या मुलीशी मी जास्त वेळ बसत होतो, ते सरांना आवडलं नसेल का? की त्या दिवशी सगळ्यांसमोर सरांचा शब्द सुधारला, त्याचा राग आला असेल?” एकेक दिवस काढायचा, उलटून बघायचा, खाली ठेवायचा. ताईंनी दोन शब्द बोलायचा अवकाश होता. पण ते शब्द असे होते, की ते बोलले तर चूक जाते आणि नोकरीही जाते. चूक नव्हती हे सांगायचं, तर ती नोकरीच नव्हती हेही सांगावं लागणार. ताई म्हणायच्या, “कुठलं औषध देऊ? दोन्ही विषच.”

चौकातला फलक तसाच होता. ताईंनी सरांना हात जोडून सांगितलं, काढा म्हणून. जागेचं भाडं वर्षाचं भरलंय, असं उत्तर आलं. भाऊजी मागच्या गल्लीने जायला लागले.

कोर्स संपून सहा महिने झाले, तसं त्यांचं नाव ताईंच्या फोनच्या यादीत आलं. कोर्स पुरा केलेल्या प्रत्येकाला फोन करायचाच आणि संभाषण रेकॉर्ड व्हायचंच. मी म्हटलं, “ताई, यांना मी लावते फोन.”

“नको,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना मी विचारते, मग यांना का नको?”

मी शेजारीच होते. पलीकडचं बोलणं ताईंनी मला नंतर सांगितलं, एकदाच.

“नमस्कार, मी संस्थेतून बोलते. दोन मिनिटं वेळ आहे का आपल्याला?”

पलीकडून भाऊजी म्हणाले, “हो. बोला, मॅडम.”

ताईंना काही बदलावं लागलं नाही. घरीही त्या त्यांना अहोजाहोच करायच्या. बदल भाऊजींनी केला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला तुम्ही म्हणायची ही पहिली वेळ.

“सध्या कुठे काम करता?”

“कुठेही नाही.”

“शोध चालू आहे?”

“होता. आता नाही.”

“बंद करण्याचं कारण सांगू शकाल?” हाही ठरलेलाच प्रश्न.

“कारण असं आहे, मॅडम, की मला एकदा नोकरी लागली होती. तुमच्याच संस्थेत. मुलांच्या शेजारी बसायचं, एवढंच काम. तेवढंही मला टिकवता आलं नाही. आता पुढची नोकरी कुठल्या तोंडाने मागू?”

ताईंनी डोळे मिटले. आवाज मात्र तोच ठेवला, फोनवरचा.

“तुमच्या कामात काहीही चूक नव्हती.”

“ते तुम्हाला कसं ठाऊक?”

“ती जागा तपासणीपुरती काढली होती. तुम्हाला घेतलं, तेव्हाच तीन महिन्यांनी काढायचं ठरलं होतं. मला सरांनी सांगितलं होतं. मी बोलले नाही.”

पलीकडे रस्त्यावरची गाडी गेल्याचा आवाज आला.

“म्हणजे मी नोकरीला नव्हतोच.”

“तुम्ही काम केलंत. मुलं शिकली तुमच्याकडे.”

“मी नोकरीला होतो की नव्हतो, एवढंच विचारतोय, मॅडम. ते ठरवायचं तर तुमचं काम आहे ना?”

ताई तोवर खिडकीकडे वळल्या होत्या, मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ हलली नाही. त्या म्हणाल्या, “नव्हतात.”

“ठीक आहे. तसंच लिहा.”

त्यांनी तसंच लिहिलं. मग हेडफोन काढून आतल्या खोलीत गेल्या. पाणी प्यायला गेल्या असतील म्हणून मी थांबले. बऱ्याच वेळाने बघायला गेले, तर भिंतीला कपाळ टेकून उभ्या होत्या. मी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, “घरी आज काय बोलू गं मी?”

बोलायची वेळच आली नाही. घरी चहा तयार होता. भाऊजी म्हणाले, “चहा झालाय.” इतकंच. तू ये, तू घे, असं नाही. त्या दिवसापासून त्यांनी ताईंना तू म्हणणं सोडलं. तुम्हीही म्हणत नव्हते. वाक्यंच अशी करायचे, की ती कुणाला उद्देशून आहेत ते कळू नये. “दार लावलेलं बरं.” “दूध आणायला हवं.” पेपर वाचायचे, पण मनातल्या मनात. भांडण नाही, आदळआपट नाही. ताई म्हणायच्या, एक भांडं तरी फेकायचं! फक्त एकदा, इस्त्री कपाटात ठेवता ठेवता ते म्हणाले, “तीन महिने रोज सकाळी मी शर्टाला इस्त्री करत होतो, आणि समोर बसून कुणीतरी ते बघत होतं.”



पुढच्या तपासणीला मात्र ती मोठी संस्था कागदांवर थांबली नाही. एक बाई स्वतः आल्या. साध्या, अबोल. त्यांनी ताईंसमोर खुर्ची घेतली आणि विचारलं, “हे नऊ कसे येतात, मला समजावून सांगाल?” सर काचेपलीकडे उभे होते. ताईंनी सगळं सांगितलं. फोन न उचलणाऱ्यांचं, पार्सलवाल्या मुलाचं, आणि शेवटी स्वतःच्या नवऱ्याचं. आवाज चढला नाही, शब्द अडला नाही. तपासणीच्या बाईंनी लिहिणं थांबवलं आणि नुसतं ऐकत राहिल्या.

त्यांचा अहवाल आला. खरा आकडा दहात जेमतेम चार होता. मी तो ताईंबरोबर त्यांच्या घरी नेला, कारण ताईंची इच्छा होती की भाऊजींनी तो बघावा. भाऊजींनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचला. सातव्या-आठव्या पानावर एक ओळ होती: एका प्रौढ विद्यार्थ्याला संस्थेने तपासणीच्या काळापुरतं कामावर दाखवलं होतं, सबब तो नोकरीत धरलेला नाही. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ताईंना वाटलं असेल, आता तरी ते सुटतील. अन्याय झाला होता, तो कुणीतरी लिहून ठेवला होता.

“बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले आणि पान उलटलं.

त्या मोठ्या संस्थेची मदत थांबली. चार खोल्यांच्या दोन झाल्या. माझं टेबल गेलं, ताईंचंही गेलं. सरांनी दुसरीकडे, दुसऱ्या नावाने काहीतरी सुरू केलं, असं ऐकलं. फलकावर गाद्यांची जाहिरात आली.

भाऊजींच्या धाकट्या भावाचं दुसऱ्या गावात औषधांचं दुकान आहे. भावाच्या पायाचं ऑपरेशन झालं, म्हणून भाऊजी महिनाभरासाठी मदतीला गेले. महिन्याचे दोन झाले. भाऊ हिंडूफिरू लागला, तरी ते परतले नाहीत. तिथे त्यांचं बरं चाललं आहे. बिलं बघतात, औषधांच्या मुदती तपासतात. ताईंनी विचारलं, मी येऊ का तिकडे? ते म्हणाले, “इथे जागा लहान आहे.” लोक विचारतात तेव्हा ताई सांगतात, कामासाठी गेलेत. आणि ते खोटं नाही.

मध्यंतरी मी ताईंकडे गेले होते. हल्ली त्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये खिडकीवर बसतात, लोकांना रिपोर्ट देतात. घर तेच, नीटनेटकं. खिडकीजवळची खुर्ची हलवून भिंतीशी लावली होती. गॅसवर दूध ठेवून आम्ही शेंगा सोलत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. दर रविवारी भाऊजींचा येतो.

“हो. बरी आहे... हो, सिलिंडर आला परवा... नाही, तसं काही लागत नाही... जाऊबाई काय म्हणताहेत?... बरं... बरं.”

मग दोघंही काही बोलत नव्हती, पण फोन कुणी ठेवत नव्हतं. ताई कान लावून बसल्या होत्या, मुठीत सोललेले दाणे तसेच. शेवटी “ठेवते मग,” म्हणाल्या आणि फोन खाली ठेवला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काही नाही.” त्यांनी दाणे ताटात टाकले. “खोकला झालाय त्यांना. सांगत नाहीत, पण ऐकू येतो.”

मग त्या उठल्या आणि दूध उतू जायच्या आत त्यांनी गॅस बंद केला.